शीरखुर्म्यातली 'शीर' कुणाची?

गेल्या हिवाळ्यात आमच्या परिसरातल्या काही शाळांचा एकत्र आनंद मेळावा झाला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुलांनी घरून पदार्थ करून आणायचे, मैदानात टेबल मांडायचे, पाच-दहा रुपयांना विकायचे आणि शेवटी नफा-तोटा वहीत लिहायचा. गणिताचे गणित, खाण्याचे खाणे. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो, त्यामुळे टेबलांवरचे मराठी फलक तपासायचे काम माझ्याकडे होते.

आठवीतल्या एका मुलीने घरून मोठे पातेलेभर शीरखुर्मा आणला होता. ईद नसताना तिच्या आईने खास मेळाव्यासाठी केलेला. मुलीने सुंदर अक्षरात फलक लिहिला होता : 'शीरखुर्मा, वाटी १० रुपये'. मराठी अचूक होते, मी शाबासकी दिली आणि पुढे गेलो.

तासाभराने परत आलो तर पातेले तसेच भरलेले. शेजारच्या टेबलावरची पाणीपुरी संपत आलेली, पलीकडच्या पोह्यांची दुसरी खेप आलेली. मी तिथे उभा असतानाच एक ताई आल्या. फलक वाचला, पातेल्यात डोकावल्या आणि दोन पावले मागे सरकल्या.

"शीर? कशाची शीर व्हय बेटा? बकऱ्याची का?"

"नाही मावशी, दुधाचं असते ते," मुलगी म्हणाली.

"दुधाचं? मंग कुर्मा कायले लिवलं?"

ताई वाईट नव्हत्या. हसल्या, मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि पोह्यांच्या टेबलाकडे गेल्या. त्यांच्या कानांनी त्यांना जे सांगितले ते मराठीच्या हिशेबाने बरोबरच होते. मराठीत शीर म्हणजे रक्तवाहिनी. शिर म्हणजे डोके. आणि कुर्मा म्हटले की रस्सा. शिरांचा रस्सा कोण विकत घेईल?

मग मी जे केले ते सांगायला मला लाज वाटते. मी तो फलक काढला, घडी करून खिशात घातला आणि नवा लिहिला : 'शेवयांची खीर, वाटी १० रुपये'. अर्ध्या तासात पातेले रिकामे. त्याच ताईही येऊन दोन वाट्या घेऊन गेल्या. सहकाऱ्यांनी माझ्या 'मार्केटिंग'चे कौतुक केले. मुलगी पैसे मोजत होती. मोजून झाल्यावर तिने विचारले, "सर, अम्मी पूछेगी के शीरखुर्मा पसंद आया क्या सबको. मैं क्या बोलूँ?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. लोकांना आवडली ती खीर. शीरखुर्मा कुणी चाखलाच नव्हता. आणि हे तिच्या वर्गशिक्षकानेच घडवून आणले होते.

त्या दिवसापासून पदार्थांच्या नावांचा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. मोबाइलवर अधूनमधून असे व्हिडिओ येतात : ऐकून हसू येईल अशी पदार्थांची नावे, ऐकून किळस येईल अशी नावे. लोक पाहतात, हसतात, पुढे पाठवतात. त्यात निहारी असते, पाया असतो, भेजा असतो. माझे म्हणणे असे की कुठलेही नाव आपल्या जागी विचित्र नसते. ते विचित्र वाटते त्या कानाला, ज्याने कधी विचारायची तसदी घेतलेली नसते. आणि विचारायची तसदी कुणी घ्यायची, नाव बदलायची सक्ती कुणावर, हा काही भाषेचा प्रश्न नाही. तो कुणाचे वजन किती याचा प्रश्न आहे.

आधी हे मान्य करतो की हसणे दोन्हीकडून होते. एकदा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर वाक्य लिहिले, 'शिक्षण हा विकासाचा पाया आहे.' सगळा वर्ग खो खो हसायला लागला. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, विकास का पाया? नहारी में डालते वो?" मुलांच्या घरात पाया म्हणजे बकऱ्याचे पाय, थंडीत रात्रभर मंद आचेवर ठेवलेले, सकाळी रोटीबरोबर खायचे. त्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि मुलांना सांगितले की संस्कृतमधला 'पाद' आणि फारसीतला 'पा' हे एकाच मुळाचे. इमारत ज्यावर उभी राहते तोही पाया आणि बकरा ज्यावर उभा राहतो तोही पाया. मुले हसली, पण शब्द विसरली नाहीत. पुढच्या चाचणीत प्रत्येकाने पाया शब्दाचा वाक्यात उपयोग बरोबर केला.

फरक इथे आहे. उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठी 'पाया'वर हसून थांबता येत नाही. त्याला तो शब्द शिकावाच लागतो, त्याला परीक्षा आहे, पुढे नोकरी आहे, तहसीलचा अर्ज आहे. शीरखुर्म्यावर मागे सरकणाऱ्याला मात्र काहीच शिकावे लागत नाही. त्याच्यासाठी फलक बदलला जातो.

आता नावांचेच बघू. नाव आणि पदार्थ यांचा मेळ बसलाच पाहिजे असा नियम असता तर मराठी स्वयंपाकघरातले निम्मे डबे रिकामे झाले असते. जुन्नर-ओतूर भागातली मासवडी घ्या. बेसन, तीळ, खोबरे. मासा नावालाही नाही, किंबहुना फक्त नावालाच आहे. वडीचा आकार माशासारखा म्हणून मासवडी. कांदा-लसूण सोडले तर त्यात कुणाला आक्षेपार्ह काही नाही आणि शाकाहारी घरांत ती हौसेने होते. 'मासा' ऐकून कुणी दोन पावले मागे सरकत नाही. मराठवाड्यात पाहुण्याला प्रेमाने धपाटे वाढतात, तेव्हा पाहुणा पाठ सांभाळत नाही. आमच्या वऱ्हाडात भोपळ्याला गंगाफळ म्हणतात, त्याचा गंगेशी काय संबंध? डुबुकवडे रश्शात डुबुक करून पडतात म्हणून डुबुकवडे. परक्या माणसाला ते नाव ऐकून काय वाटेल याची काळजी वऱ्हाडातल्या एकाही सुगरणीने केलेली नाही, आणि करूही नये. गुलाबजाममध्ये गुलाबाची पाकळी नाही आणि जांभूळही नाही. मुंबईचा बोंबील इंग्रजीत 'बॉम्बे डक' झाला, बदकाचे पीसही नसताना. जत्रेत आणि उरुसात पोरे ज्या गुलाबी साखरेसाठी हट्ट धरतात तिचे नाव काय? बुढ्ढी के बाल. म्हातारीचे केस! याहून किळसवाणे नाव सांगा पाहू. पण आजवर एकाही आईने पोराच्या हातून ती काडी हिसकावून घेतलेली मी पाहिली नाही.

म्हणजे नाव विचित्र असणे ही अडचण नाही. नाव आपल्या माणसाचे असले की ते गमतीचे होते, परक्याचे असले की संशयाचे.

बरे, 'परके' तरी कोण? सत्यनारायणाच्या पूजेला जो प्रसाद करतात, रवा, तूप, साखर, केळे घालून, त्याला मराठीत म्हणतात शिरा. हा शब्द फारसीतला 'शीरा'. अर्थ रस, पाक. बर्फी फारसीतल्या 'बर्फ'वरून आली. हलवा अरबी. जिलेबी अरबी-फारसीच्या 'जुलबिया'ची बहीण. समोसा फारसीच्या वाटेने आला, पुलावही तसाच, पनीर हा शब्दही फारसी. सकाळी आपण सगळे जी न्याहारी करतो ती आणि जिच्या नावाने मोबाइलवर हसतात ती आमची निहारी, दोघींच्या नावात एकच फारसी सकाळ आहे. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राजव्यवहारकोश रचला, दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धी चळवळीने तारखेचा दिनांक केला आणि मेयरचा महापौर. कार्यालयांतले शब्द बदलले. पण शिरा शिराच राहिला, जिलेबी जिलेबीच राहिली. जिभेने कोशाचे ऐकले नाही. माझ्या मते मराठी भाषेचा हा मोठेपणा आहे. जे गोड लागले ते तिने घरचे करून टाकले.

एक शब्द मात्र मला सलतो. मलिदा. फारसीत 'मालीदा' म्हणजे चोळलेले, कुस्करलेले. चपाती कुस्करायची, त्यात तूप आणि गूळ किंवा साखर घालायची आणि दर्ग्यात नियाज म्हणून वाटायची. गरिबाच्या घरातला हा सर्वात स्वस्त गोड पदार्थ, म्हणून नवस फेडायला तोच. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंमध्येही मलिदा आहे. ते पोहे, साखर, खोबरे आणि फळे घालून करतात आणि एलियाहू पैगंबरांच्या नावाने कृतज्ञता म्हणून वाटतात. इस्राएलला गेलेली कुटुंबे तिथेही मलिदा करतात. म्हणजे दोन धर्मांच्या दुआ ज्या ताटात आहेत तो हा पदार्थ. आणि मराठी वर्तमानपत्रात मलिदा म्हणजे काय? 'रस्त्याच्या कामात कुणी मलिदा लाटला?' लाच, टक्केवारी, हरामाची कमाई! मी हा वाक्प्रचार बंद करा म्हणत नाही, भाषा अशा मागण्यांना भीक घालत नाही. आम्हीही वर्तमानपत्र वाचतो आणि तो वापरतो. पण मुलांना हा वाक्प्रचार शिकवताना दरवेळी एखादा हात वर येतो, "सर, मलिदा तो नियाज का रहता ना?" त्या हाताला काय सांगायचे ते ठरवताना मला दोन मिनिटे थांबावे लागते.

इथवरची गोष्ट हसून सोडता आली असती. पण नाव बदलण्याचा हट्ट आता राजकारणात शिरला आहे, आणि तिथे तर अज्ञानाचाच झेंडा मिरवला जातो. २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान तणावाच्या दिवसांत जयपूरच्या काही मिठाईच्या दुकानांनी 'मैसूर पाक'चे नाव 'मैसूर श्री' केले. मोती पाकचे मोती श्री, गोंद पाकचे गोंद श्री. कारण काय, तर नावात 'पाक' आहे! हा पाक म्हणजे साखरेचा पाक. संस्कृत धातू 'पच्', त्यावरून पाक, पक्व, पाककला. त्या देशाच्या नावातला 'पाक' फारसी आहे, अर्थ पवित्र. दोघांचे नाते नाही. उद्या हाच न्याय मराठीला लावला तर 'स्वयंपाका'चे काय करायचे? स्वयंश्री? देशभक्ती सिद्ध करण्यासाठी ज्यांना शब्दकोश उघडायचीही गरज वाटत नाही, त्यांच्याकडून शीरखुर्म्याला न्याय कसा मिळणार?

त्याच महिन्यात हैदराबादच्या कराची बेकरीच्या नावफलकावर हल्ला झाला. ही बेकरी फाळणीत सिंध सोडून आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेली. ज्या हिंदू माणसाने शहर गमावले, त्याने पाटीवर फक्त त्या शहराचे नाव ठेवले होते. २०२० च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्यालाही कराची नावाच्या मिठाईच्या दुकानाला नाव बदलायला सांगण्यात आले आणि दुकानदाराने पाटी वर्तमानपत्राने झाकली. निर्वासिताची आठवण झाकायला रद्दीचा कागद पुरतो!

हा आजार एकट्या भारताचा किंवा एकट्या हिंदूंचा आहे असे मी म्हणणार नाही. २००३ मध्ये इराक युद्धाला फ्रान्सने विरोध केला म्हणून अमेरिकेच्या संसदेच्या उपाहारगृहात फ्रेंच फ्राइजना 'फ्रीडम फ्राइज' म्हटले गेले. तीन वर्षांनी गुपचूप जुने नाव परत आले, बटाट्याला काहीच कळले नाही. आणि आमचेही शहाणे कमी नाहीत. २०१६ मध्ये मलेशियाच्या सरकारी धार्मिक खात्याने एका दुकानाच्या पदार्थाच्या नावात 'डॉग' आहे म्हणून हरकत घेतली. कुत्रा नापाक, म्हणून नाव बदला, नाहीतर हलाल प्रमाणपत्र मिळणार नाही. हॉट डॉगमध्ये कुत्रा नसतो हे जगातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलेशियातले मुसलमानही त्यावर पोट धरून हसले. जयपूरच्या 'श्री'वर हसणाऱ्या माझ्या मुस्लिम वाचकांनी हेही लक्षात ठेवावे.

एक आक्षेप मी स्वतःच मांडतो, कारण तो खरा आहे. शाकाहारी माणसाला आपल्या ताटात काय आहे हे कळायचा पूर्ण हक्क आहे. मलाही आहे. मी परगावी हॉटेलात बसलो की मांस हलाल आहे का विचारतो, कधी रश्शात काय घातले ते विचारतो, आणि मला राग येऊ नये असे उत्तर मिळावे ही अपेक्षा करतो. मेळाव्यातल्या ताईंनी 'यात काय आहे' विचारले यात काहीच गैर नव्हते. पण याचे उत्तर काय आहे हे सांगणे असते, नाव पुसणे नसते. पाकिटावर हिरवा ठिपका छापतात तो याचसाठी. ठिपका पदार्थाचे नाव बदलत नाही, फक्त माहिती देतो. मी त्या फलकाखाली एक ओळ वाढवली असती तरी ताईंचा हक्क आणि मुलीचा मान, दोन्ही राहिले असते. मी सोपा रस्ता घेतला.

सोप्या रस्त्याची आम्हाला सवय का लागली, हेही सांगतो. जऊळका रेल्वेचे गाव आहे. अकोला-पूर्णा मार्गावरची मीटरगेजची गाडी आम्ही लहानपणी पाहिली, आता ब्रॉडगेज आहे. प्रवासाला निघाले की डबा बरोबर असायचाच. माझी आई डब्यात खिमा-रोटी द्यायची आणि समोरच्या बाकावरचे काका विचारायचे, "काय आणलं रे मास्तराच्या पोरा?" मी सांगायचो खिमा. ते खात असले तर एक घास घ्यायचे, नसले तर आपली चटणी-भाकर उघडायचे. आज माझी बायको डबा भरताना म्हणते, "गाडीत उघडूच नका. विचारलं तर भाजी म्हणा." ती भित्री नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये धुळे-मुंबई गाडीत, इगतपुरीजवळ, एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला डब्यातल्या मांसावरून मारहाण झाली. त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, तिनेही पाहिला. पदार्थाचे नाव सांगणे ही आमच्यासाठी गंमत राहिलेली नाही. कोणता शब्द मोठ्याने उच्चारायचा आणि कोणता गिळायचा, हे आमची लेकरे बाराखडीबरोबर शिकतात.

हे फक्त मुसलमानांच्या वाट्याला आलेले नाही, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये आले. मराठवाड्यातल्या दलित घरांतले पदार्थ त्यांनी त्यांच्या खऱ्या नावांनिशी लिहून काढले. चान्या, वजडी, रक्ती. कुठेही नावाला साबण लावला नाही. ज्या पदार्थांना मराठी पाककृतींच्या पुस्तकांत जागा नव्हती, त्यांनाही नाव, कृती आणि चव आहे हे त्यांनी सांगितले. ते वाचताना मला माझ्या आजीची चूल आठवली. बकरी ईदनंतर तीही वजडी धुवायची, चुना लावून, गरम पाण्यातून काढून, तासन्‌तास. गरिबाने जनावराचा एकही भाग वाया जाऊ दिला नाही, त्याला श्रम म्हणतात. त्या श्रमाचे नाव ऐकून नाक मुरडणाऱ्याने ते पातेले एकदा धुवून पाहावे.

आणि इथे मला आपल्या लोकांशीही भांडायचे आहे. आमच्या पांढरपेशा मुस्लिम घरांत 'वजडी' हा शब्द आता पाहुण्यांसमोर उच्चारत नाहीत. तो म्हणे कसायांचा, खाटकांचा शब्द. लग्नाच्या जेवणात पूर्वी दालचा-खाना असायचा, डाळीत दुधी आणि मटण. सगळे गाव एका सतरंजीवर बसून खायचे. आता छापील मेनूकार्डवर दालचा लिहायला लाज वाटते, कारण तो 'गरिबांचा' पदार्थ. इस्लाममध्ये उच्चनीच नाही असे जलशात सांगायचे आणि दस्तरखानावर मात्र पदार्थांच्या जाती लावायच्या! शिवाय आमची मुले शेजारच्या घरातले गरगटे, आंबील, डुबुकवडे ही नावे ऐकून फिदीफिदी हसतात, तेव्हा आपण त्यांना किती वेळा थांबवतो? शीरखुर्म्याचा अर्थ लोकांनी समजून घ्यावा अशी अपेक्षा असेल तर आंबिलीचा अर्थ आपल्या मुलांना माहीत हवा.

मी शिक्षक आहे, म्हणून शेवटी माझ्या वर्गाकडे येतो. मेळाव्यानंतर मी जुन्या निबंधवह्या काढून पाहिल्या. विषय : 'माझा आवडता पदार्थ'. तीसपैकी बावीस मुलांनी लिहिले होते, माझा आवडता पदार्थ पुरणपोळी. वाक्येही सारखीच, गाइडमधली. 'माझी आई होळीला पुरणपोळी करते.' यातल्या एकाच्याही घरी होळीला पुरण शिजत नाही. पुरणपोळी वाईट नाही, शेजारून आली तर मी ताटातला शेवटचा तुकडाही सोडत नाही. पण मुलांनी खोटे लिहिले आणि मी त्यांना दहापैकी आठ गुण दिले. एकाच मुलाने खिचडा लिहिला होता, मोहरममध्ये गल्लीत मोठ्या देगेत गहू, डाळी आणि मटण घोटतात तो. त्याने लिहिले होते की घोटताना अब्बांचे हात दुखतात, मग चाचा घोटतात, मग तो स्वतः. पूर्ण वहीतला तो एकमेव खरा निबंध होता. मी तांबड्या शाईने 'खिचडा' खोडून वर 'खिचडी' लिहिले होते आणि सहा गुण दिले होते. शुद्धलेखनाची चूक म्हणून!

मी बी.एड. झालेला माणूस. मातृभाषेतून, परिसरातून शिक्षण द्यावे, मुलाच्या अनुभवाला वर्गात जागा द्यावी, हे सगळे मी परीक्षेत पानभर लिहून पास झालो. आणि मुलाच्या घरातला पदार्थ मी लाल शाईने खोडला. बाहेरच्यांनी नाव बदलायला सांगितले तर निदान राग येतो. आपणच बदलून दिले तर मुलाला वाटते की बदलणेच बरोबर.

म्हणून माझ्या शिक्षक बंधुभगिनींना, उर्दूच्या आणि मराठीच्याही, विनंती आहे. निबंधात मूल जे खाते तेच लिहू द्या. शब्द कळला नाही तर खोडू नका, विचारा. दर्ग्यातला मलिदा आणि वर्तमानपत्रातला मलिदा एकाच तासाला शिकवा. शिरा, न्याहारी, जिलेबी हे शब्द कुठून आले ते सांगा, मुलांना इतिहासाचा धडा त्याहून चांगला समजणार नाही. आणि माझ्या मराठी वाचकांना, कुठल्याही धर्माच्या, एवढेच सांगणे आहे की नाक मुरडण्याआधी एकदा विचारा, 'याचा अर्थ काय?' विचारायला पैसे पडत नाहीत, आणि बहुतेक वेळा बरोबर एक वाटीही मिळते.

खिचडावाल्या मुलाची वही मी परत मागवली. 'खिचडी' खोडून 'खिचडा' केले, सहाचे नऊ केले आणि खाली सही केली. तो आता नववीत आहे, त्याला त्या गुणांचा काही उपयोग नाही. पण वही त्याने घरी नेली.

आणि मेळाव्यातल्या त्या मुलीला मी सांगितले आहे की या वर्षी पुन्हा पातेले आणायचे. फलक मी आत्ताच लिहून ठेवला आहे :

'शीरखुर्मा, वाटी १० रुपये. शीर म्हणजे दूध. खुर्मा म्हणजे खजूर.'

पातेले संपेल की नाही माहीत नाही. उरले तर आम्ही शिक्षक बसून संपवू. पण या वेळी तिच्या अम्मीने विचारले तर मुलीकडे उत्तर असेल.